अभिमनची सही

समजा, तुम्ही लिनक्स या जगभर वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालीच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, एका सेन्सरचा ड्रायव्हर, तो सेन्सर चालवणारा कोड, लिहून पाठवलाय. कुणी अनोळखी जाणकार तो ओळ न् ओळ वाचतो, आणि त्याच्या प्रत्येक शेऱ्याखाली तुम्ही उत्तर द्यायचं. 'चुकलं, सुधारते.' 'पटलं.' मग एका शेऱ्यापाशी बोटं थांबतात.

जळगावच्या भाविकाचं तसंच झालं. शेरा साधाच होता : 'सहलेखकाला पाठवलेला मेल परत येतोय. त्यांना स्वतः सही करायला सांगा.'

फैजपूरकडे केळी पिकवायच्या खोल्यांत ओलावा मोजतात, त्या सेन्सरचा हा ड्रायव्हर. अर्धा तिचा, अर्धा तिच्या कॉलेजमधल्या मित्राचा, धुळ्याच्या अभिमनचा. कर्नलची रीत अशी, की ज्याने कोड लिहिला त्याने खाली आपल्या नावाची ओळ स्वतः जोडायची : हे देण्याचा हक्क मला आहे. तीच सही. भाविका मागे लागली की अभिमन हसायचा, "काय गं तलाठीण, सहीवाचून अडलं का? मी काय पळून चाललोय?"

श्रावणात काविळीने तो गेला.

दिवसकार्य संपताना, गंधमुक्तीच्या दिवशी त्याचे वडील, कौतिक नाना, तिला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, बठ्ठी दुनिया वापरस ना ते? तठे आम्हना अभिमननं नाव ऱ्हाई ना? माले दखाडजो."

"हो नाना, सगळं जग वापरतं. नाव राहील, दाखवते."

घरी येऊन अभिमनची सही तिनेच टाइप केली आणि ड्रायव्हर पाठवून दिला.

आता शेऱ्याखाली तिने खरं ते लिहिलं : 'तो वारला. सही मी केली. चुकलं माझं.'

उत्तर मायेचं आलं, पण नियम नियमच. दुसऱ्याची सही कुणालाच करता येत नाही. त्याने लिहिलेला भाग तुम्ही नव्याने लिहा, आभारात त्याचं नाव जरूर ठेवा.

भाविकाने त्याचा भाग पुसला. दोन ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडायची त्याची खोड होती. नवं लिहिताना तिचा हात आपोआप तसाच चालला. तिने तेही पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी जे उरलं ते सेन्सरवर नीट चाललं, आणि ते सगळं तिचं होतं.

आभारात नाव राहील. नाना ते बोट फिरवत वाचतील. पण त्यांनी विचारलं, "यामा तेन्या ओळी कोन्त्या शेतस?" तर भाविकाने काय दाखवायचं?