सुषमाचं लग्न आणि माझं डाउनलोड

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मी मान हलवल्यामुळे मोडता मोडता राहिलं.

मान हलवली म्हणजे नकार दिला असं नव्हे. मला कोणी विचारलंच नव्हतं.

नव्याण्णव साल असेल. आम्ही डोंबिवलीला पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर राहायचो. नाना शाळेतून रिटायर झालेले, आई घरात, सुषमा बी.कॉम. होऊन कॉम्प्युटरचा कोर्स करत होती आणि मी ठाण्याला एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो. दिवसभर पंपांची ड्रॉइंगं काढायची आणि उरलेला वेळ हेवी मेटल ऐकायचं, असा माझा दिनक्रम. केस खांद्यापर्यंत वाढवलेले. (पुढून विरळ व्हायला लागलेले, पण मागून बघणाऱ्याला ते कळत नसे.)

माझ्याकडे एकसष्ट सीडी होत्या. सगळ्या ओरिजिनल. आईच्या काचेच्या बशा बाजूला सारून मी शोकेसचे वरचे दोन खण काबीज केलेले. नानांना निरोप समारंभात मिळालेली सरस्वती तेवढी जागची हलली नाही. तिच्या एका बाजूला कव्हरांवरच्या कवट्या, दुसऱ्या बाजूला कुऱ्हाडी आणि जळती गावं. नाना म्हणायचे, संगीताची देवता आहे हे मान्य, पण तिनं एवढं काय पाप केलंय?

सुषमाच्या कोर्ससाठी घरात कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग मोडेम. तिनं महिन्याभरात इंटरनेटवरून गाणी उतरवायला सुरुवात केली. फोनच्या वायरीचा एक जोड मोडेमला लावायचा, मग तो कोंबडीवर कोणी पाय दिल्यासारखा ओरडायचा, आणि मध्ये कोणी रिसीव्हर उचलून लाइन तोडली नाही, तर तास-दीड तासानं एक गाणं हाती लागायचं. मी तिला यावरून रोज बोलायचो. ज्याला कव्हर नाही, ज्याच्यात शब्दांची पुस्तिका नाही, ज्याला नवा असताना वास नाही, ते गाणंच नव्हे. सीडी आणणं म्हणजे लग्न करून आणणं आणि डाउनलोड म्हणजे पळवून आणणं, असं मी एकदा जेवताना म्हणालो. त्यावर सुषमा म्हणाली, "दादा, तू अजून दोन्हीपैकी काहीच केलेलं नाहीस." आई हसली. मी तिथल्या तिथे शपथ घेतली की जिवंत आहे तोवर एकही गाणं डाउनलोड करणार नाही. ठाण्यातल्या ज्या दुकानातून मी सीडी घ्यायचो तिथे माझ्यासारखेच दोन वेडे यायचे. त्यांनाही मी हीच शपथ घालून ठेवली होती.

आणि मग त्या दोघांपैकी एकानं बातमी आणली. माझ्या सगळ्यात लाडक्या बँडच्या (नाव सांगत नाही, कारण त्याचा उच्चार मला अजून नक्की येत नाही) सगळ्यात लाडक्या अल्बममध्ये एक जादा गाणं होतं, पण ते फक्त जपानात निघालेल्या सीडीवर. म्हणजे एवढी वर्षं मी छातीशी धरलेली सीडी अपुरी होती. आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. जपानात आमचं कोणी नव्हतं. आमचे सगळ्यात लांबचे नातेवाईक ठाण्यात, खोपटला.

इकडे सुषमाला बघायला कल्याणची मंडळी येऊन गेली होती. मुलगा मिलिंद, त्याचे वडील अण्णा आणि ज्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात पान हलत नाही त्या त्याच्या आत्या. मिलिंदची आई तो लहान असतानाच गेलेली, त्याला आत्यांनीच वाढवलेलं. त्या दिवशी आईनं शोकेसवर विणलेला पडदा घातला आणि मला सिनेमाला पाठवून दिलं. मुलीचा भाऊ कामावर असतो, एवढंच त्यांना सांगण्यात आलं. मंडळी पोहे खाऊन, विचार करून कळवतो म्हणून गेली. सुषमाला मिलिंद आवडला होता. ती तसं बोलली नाही, पण त्यानंतर फोन वाजला की आधी तिची मान वळायची.

पंधरा दिवसांनी ठाण्याला एका नातेवाइकांकडे मुंज आली. रविवार होता. घर दिवसभर रिकामं मिळणार आणि फोनही, हे माझ्या डोक्यात शिरलं आणि सकाळी उठल्याबरोबर माझ्या पोटात दुखायला लागलं. आईनं मऊ भात करून ठेवला, वर मेतकूट घातलं, कपाळाला हात लावून पाहिला आणि तीनदा मागे वळून बघत ती जिना उतरली. मला वाईट वाटलं. साधारण रिक्षा सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत.

साडेनऊला मी दाराला आतून कडी घातली आणि शपथ मोडली. पहिल्यांदा लाइन वीस टक्क्यांवर तुटली, दुसऱ्यांदा साठावर. साडेअकराला तिसऱ्यांदा बसलो. पडद्यावरची ती निळी पट्टी मुंगीच्या पायानं सरकत होती. नुसतं बघत बसवेना, म्हणून मी सीडी प्लेअरवर माझा जुना अल्बम लावला. मग आवाज वाढवला. मग उकडायला लागलं म्हणून शर्ट काढला. मग केस मोकळे सोडले आणि हेवी मेटल ऐकताना करायचं जे कर्तव्य असतं, म्हणजे कमरेत वाकून मान गरागरा घुमवणं, ते सुरू केलं.

बाहेर काय चाललंय हे मला नंतर कळलं, तेही प्रत्येकानं वेगवेगळं आणि रागानं सांगितलं.

आईला मुंजीत चैन पडेना. तिनं नानांना कार्यालयातल्या फोनवरून घरी फोन करायला लावला. एंगेज. अर्ध्या तासानं पुन्हा एंगेज. नाना म्हणाले, बरा झालेला दिसतो, मित्रांशी बोलत असेल. तिसऱ्यांदाही एंगेज लागल्यावर आईनं मनाशी चित्र पक्कं केलं: मुलगा डॉक्टरांना फोन लावता लावता कोसळला आणि रिसीव्हर खाली लोंबतोय. मग शेजारच्या देवधर काकूंना फोन गेला. काकूंनी आमचं दार वाजवलं. दाराला कान लावला. आणि फोनवर परत येऊन आईला सांगितलं की कडी आतून आहे, तो हाकेला ओ देत नाहीये आणि आतून रेडा कण्हल्यासारखा आवाज येतोय.

तो त्या अल्बमचा गायक होता. माझ्या मते जगातला सर्वोत्तम.

आई, नाना आणि सुषमा पंगतीतून उठून रिक्षात बसले. शीळफाट्याला ट्रकांच्या रांगेत ती रिक्षा पाऊण तास उभी राहिली.

नेमक्या त्याच दिवशी कल्याणची मंडळी सकाळपासून आमच्याकडे फोन लावत होती. आत्या दुसऱ्या दिवशी काही महिन्यांसाठी गावी निघाल्या होत्या, आणि होकार देण्याआधी त्यांना मुलीला एकदा घरच्या कपड्यांत, न सांगता-सवरता बघायचं होतं. अगदीच न सांगता नको, म्हणून आधी एक फोन. तो लागेना. शेवटी त्या म्हणाल्या, जाऊच. तिघं रिक्षा करून डोंबिवलीत आले आणि जिना चढून बघतात तो आमच्या दारासमोर अर्धी बिल्डिंग जमलेली, देवधर काकूंच्या हातात फोडलेला कांदा, आणि आतून रेडा.

दार तोडायचं की नाही यावर चर्चा चालली होती. देवधर काकांची गॅलरी आणि आमची गॅलरी यांच्यात नुसता कमरेएवढा कठडा, पण काकांचे गुडघे गेलेले आणि बाकीची पुरुष मंडळी सल्ला देण्यात गुंतलेली. तेव्हा मिलिंदनं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कठडा ओलांडून तो आमच्या घरात उतरला.

मी केसांच्या पडद्याआडून पाहिलं तर गॅलरीतून एक अनोळखी माणूस माझ्याकडे हात पसरून येत होता. मी हाताला लागलं ते उचलून मारलं. ते मेतकूट-भाताचं ताट होतं. तरीही त्या भल्या माणसानं मला कवेत घेतलं, जमिनीवर आडवं केलं आणि दाराची कडी काढून तो ओरडला, "फीट आलीय, कांदा आणा."

पुढचं अर्धं मिनिट माझ्या नाकात कांदा, पायांवर देवधर काका आणि कपाळावर आत्यांचा हात. मी बरा आहे, असं मी सांगत होतो. पण गाणं चालूच असल्यानं ऐकू कोणालाच जात नव्हतं आणि माझे नुसते हलणारे ओठ पाहून सगळ्यांना जास्तच वाईट वाटत होतं. शेवटी कोणीतरी प्लेअरचं बटण दाबलं. त्या शांततेत मला दिसलं की निळी पट्टी त्र्याण्णव टक्क्यांवर आहे, आणि अण्णा डॉक्टरांना फोन लावायला आतल्या खोलीतल्या फोनकडे निघालेत.

मी "नको" म्हणून किंचाळलो. अण्णांनी रिसीव्हर उचलला. पट्टी थांबली, पडद्यावर लाइन तुटल्याची चौकट आली आणि मी हातपाय ताणून मागे पडलो.

"परत आली," देवधर काकू म्हणाल्या.

अशा वेळी आई, नाना आणि सुषमा दारात आले. आई तशीच येऊन माझ्याजवळ बसली. मी उठून बसलो, दोन शब्द धड बोललो, तेव्हा तिच्या तोंडावर जरा रंग आला. बिल्डिंगमधली माणसं पांगली. मग अण्णांनी नानांना बाजूला घेतलं आणि फार हळुवारपणे विचारलं की हे झटके मुलाला कधीपासून येतात, आणि घराण्यात आणखी कोणाला आहेत का.

नानांच्या चेहऱ्यावरून मला काय पणाला लागलंय ते कळलं. आता विचारताना जगाला लाज वाटावी असा तो प्रश्न, पण तेव्हा तेवढ्यावर जुळलेली लग्नं फिसकटायची. सुषमा भिंतीला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, प्लेअरकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे ती जरा थांबली. एवढ्या संकटातही तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेलेला मी पाहिला.

"दादाला काही आजार नाहीये," ती म्हणाली. "तो डाउनलोड करत होता."

कल्याणच्या मंडळींना हा आजाराचाच प्रकार वाटला. तेव्हा मी मान खाली घालून सगळं सांगितलं. पोटदुखी खोटी, फोन मी अडवला, आणि ते झटके नव्हते, तो नाच होता. अण्णांनी ऐकून घेतलं, पण त्यांना पटलेलं दिसेना. मुलीचा भाऊ बहिणीसाठी काहीही सांगेल, असं त्यांना वाटलं असणार.

नाना म्हणाले, "दाखव त्यांना."

छत्तीस वर्षं शाळेत ज्या आवाजात त्यांनी पोरांना फळ्यापाशी बोलावलं, तोच आवाज. मी शर्ट घातला, बटणं लावली. सीडी पुन्हा सुरू केली. समोर दिवाणावर अण्णा, आत्या आणि पँटवर मेतकूट लागलेला मिलिंद असे ओळीनं बसलेले. भर दुपारी, स्वच्छ उजेडात, बहिणीच्या होणाऱ्या सासरच्या माणसांसमोर मी कमरेत वाकलो आणि मान घुमवायला लागलो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. डॉक्टर रिपोर्ट बघतात तसे अण्णा बघत होते. नानांनी मध्येच, थांब म्हटलं की थांबता येतं हेही दाखव, अशी सूचना केली. मी थांबलो. चालू म्हणाले. मी चालू झालो.

"पुरे रे बाळा," शेवटी आत्या म्हणाल्या. "लचक भरेल."

मग त्यांनी चौकशी केली. हे मी स्वतःहून करतो का, रोज करतो का आणि यासाठीच त्या सगळ्या तबकड्या विकत आणल्यात का. मी तिन्हीला हो म्हणालो. झटके असते तर औषध तरी असतं, असं त्या अण्णांना हळूच म्हणाल्या. हळूच म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

सुषमानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं.

पण आत्या आता आईकडे बघत होत्या. आईनं उजवा हात गुडघ्यावर उताणा, अंगापासून लांब धरलेला. बोटांवर मसालेभात आणि मठ्ठा वाळून पांढरा झालेला. पंगतीतून उठल्यापासून, ठाण्याहून इथपर्यंत, तो हात धुवायचं तिला सुचलंच नव्हतं. तिचं तिलाही ते आत्ताच दिसलं आणि ती ओशाळून तो पदराखाली लपवायला लागली.

"असू दे हो," आत्या म्हणाल्या. "या असल्या ध्यानासाठी जेवत्या पानावरून उठून आलात." मग अण्णांकडे वळल्या. "अण्णा, माणसं चांगली आहेत. आपण होकार द्यायचा. त्यांना हात धुवू दे आधी."

आईनं हात धुतला आणि तशीच मोरीपाशी उभी राहून रडली. सुषमा तिच्याजवळ गेली. मी जाणार होतो, पण नानांनी माझ्या हातात फडकं दिलं आणि भिंतीवरचं मेतकूट दाखवलं. मिलिंद खाली वाकून मला शितं वेचू लागला. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, गाणं वाईट नव्हतं, फक्त गाणाऱ्याला एकदा कोणीतरी दाखवून आणायला हवं.

मार्गशीर्षात लग्न झालं. सीमांतपूजनाला मी केस कापून, फेटा बांधून, सगळ्यांच्या पुढे उभा होतो. आत्यांनी माझा हात धरला आणि सासरच्या एकेका नातेवाइकासमोर नेऊन माझी ओळख करून दिली. सगळ्यांना तेच सांगत होत्या, अगदी प्रेमानं आणि आवाज खाली आणून:

"हा सुषमाचा भाऊ. आता बरा असतो."