वजनाचं कारण

तिच्या आईनं ओल्या रुमालानं तिचा खांदा पुसला. एकदा नाही. तीनदा.

मी तिथंच उभी होते. अनवाणी. दोन मिनिटांपूर्वी त्याच खांद्यावर माझा पाय होता.

सोलापुरातली शाळा. मी सहावीत. सव्वीस जानेवारीच्या मनोऱ्याची तालीम चालली होती. दहा मुली. खाली सहा, त्यांच्या खांद्यावर तीन, आणि वर एक. वरची मी. पीटीच्या सरांनी सगळ्या मुलींना काट्यावर उभं करून मला निवडलं होतं. सगळ्यात हलकी आणि न घाबरणारी. वर गेलं की भिंतीपलीकडचा रस्ता दिसायचा, रिक्षा दिसायच्या. हात पसरून उभं राहायचं आणि सर शिट्टी वाजवेपर्यंत हसायचं. मला हसायला सांगावं लागत नव्हतं.

त्या दिवशी पायऱ्यांवरून एक बाई खाली आल्या. शाळेच्या संस्थेतल्या एका मोठ्या माणसाच्या त्या बायको. त्यांची मुलगी मधल्या थरात होती.

"सर, कुणाला चढवलंय वर? ती झाडूवालीची ना? माझ्या मुलीच्या खांद्यावर हिचे पाय?"

सरांनी वर माझ्याकडं बघितलं. मग खाली मातीकडं.

"उतर," म्हणाले.

मी उतरले. बाईंनी पर्समधला रुमाल काढला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि मुलीला पुढं ओढलं. बाकीच्या आठजणी बघत होत्या. ती मुलगी माझ्याकडं बघत नव्हती. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी लंगडी खेळायचो. त्या दिवसानंतर कधी खेळलो नाही.

आणि पाच पावलांवर व्हरांडा झाडत माझी आई होती.

आई त्या शाळेत मावशी. वर्ग झाडायचे, संडास धुवायचे, पोरं ओकली तर ते पुसायचं. आम्ही राहायचो त्या वस्तीचं नाव घेतलं की समोरच्याला जात विचारावी लागत नाही. आईचा खराटा थांबला. मला वाटलं, आता आई बोलणार. खराटा परत चालू झाला.

संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाली, "बघू पाय."

मी पाय पुढं केले. तिनं दोन्ही तळवे उलटून बघितले. बोटांच्या बेचक्यांत बघितलं.

"सकाळी नळावर मीच घासलं हुतं की गं," म्हणाली.

एवढंच.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला खालच्या थरात घेतलं. सगळ्यात हलकी पोरगी सगळ्यात खाली. माझ्या खांद्यावर कोण आलं? तीच. तिच्या टाचा माझ्या हाडात रुतायच्या. तेव्हा कुणी रुमाल काढला नाही. सव्वीस जानेवारीला टाळ्या पडल्या. मला वरचं काहीच दिसलं नाही. समोरच्या मुलीची वेणी दिसत होती फक्त.

लोक विचारतात, पीटीतच का गेलीस? मी छापील उत्तर देते. आरोग्य, शिस्त, खेळाची आवड. खरं उत्तर वेगळं आहे. ज्याच्या गळ्यात शिट्टी, तो ठरवतो कोण वर, कोण खाली. हे मला सहावीत कळलं. मला शिट्टी पाहिजे होती.

मी पळाले. कबड्डी खेळले. खो-खो खेळले. कॉलेजात असताना वस्तीतल्या बायका आईला म्हणायच्या, "पोरीला चड्डी घालून पळवतीस व्हय?" आई म्हणायची, "पळू दे. मी वाकूनच राह्यले." बी.पी.एड. झाले. त्या दिवशी आईनं निकालाचा कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाही. तरी बराच वेळ धरून बसली.

नोकरी लागली ती एका खाजगी शाळेत. शहराच्या बाहेर, कुंभारीकडं जाताना. तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी जून उजाडला की ठेवतील का काढतील याची धाकधूक. स्टाफरूममध्ये पीटीवाली म्हणजे अर्धी शिक्षिका. पाहुणे आले, मॅडम खुर्च्या लावून घ्या. गणिताचा पोर्शन राहिला, मॅडम तुमचा तास द्या. मी खुर्च्या लावल्या, तास दिले. पण मैदान माझं होतं. मुली तेलुगूत भांडायच्या, कन्नडमध्ये रडायच्या, दखनीत एकमेकींना चिडवायच्या. शिट्टी वाजली की सगळ्या ओळीत.

मुख्याध्यापक सभ्य माणूस. कधी आवाज चढवला नाही. त्यांच्या खोलीत सगळ्या महापुरुषांचे फोटो. जयंतीला समतेवर इतकं सुंदर बोलायचे की माझ्या अंगावर काटा यायचा.

पहिल्याच वर्षी सव्वीस जानेवारीला मनोरा बसवायचा ठरला. मी मुलींची वजनं घेतली, वहीत लिहिली. सातवीतली काजल सगळ्यात हलकी. सव्वीस किलो. तिचा बाप गटारी साफ करणाऱ्या गाडीवर. पोरगी माकडासारखी चढायची. वर गेली की ओरडायची, "मॅडम, इथनं माझं घर दिसतंय!"

चार दिवस तालीम झाली. पाचव्या दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं.

"मॅडम, वर ती डॉक्टरांची मुलगी घ्या. फोटो छान येईल."

"सर, ती चौतीस किलोची आहे. खालच्या मुलींना झेपणार नाही."

"बघा जमवून. दोन-तीन पालक येऊन गेले."

"काय म्हणाले?"

ते हसले. समजूतदार हसू.

"मी असलं काही मानत नाही. पण तुम्हाला कळतं की, मॅडम."

मला कळत होतं. त्यांनाही माहीत होतं की मला कळतं, म्हणून तर मलाच सांगत होते. मी काय म्हणायला पाहिजे होतं? रुमालाची गोष्ट सांगायला पाहिजे होती. मी म्हणाले, "बघते, सर."

मैदानात आले. पोरी उभ्या होत्या. काजल आधीच वर चढून बसलेली.

"उतर," मी म्हणाले.

ती उतरली. कपाळावरचा घाम पुसला.

"मॅडम, माझं काय चुकलं?"

"काही नाही गं. वजनाचं कारण आहे. तू खाली थांब."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग खालच्या थरात जाऊन उभी राहिली. कुरकूर नाही, रडणं नाही. मी शिट्टी वाजवली.

कार्यक्रम झाला. फोटो छान आला. मुख्याध्यापकांनी माइकवरून माझं नाव घेतलं. मी गेटजवळ आले तर काजलची आई थांबली होती. कामावरनं तशीच आलेली, पदर कमरेला खोचलेला. मला वाटलं भांडायला आली. बरं वाटलं असतं भांडली असती तर. तिनं हात जोडले.

"लई उपकार झालं मॅडम. आमच्या पोरीला घेतलंसा. हितं कोण घेतंय आमास्नी?"

मी काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी बोलले. स्कूटी चालू केली आणि तिथनं निघाले. वाटेत एका ठिकाणी गाडी बाजूला घेऊन थांबले, कारण समोरचं दिसत नव्हतं.

घरी आईला सगळं सांगितलं. आई आता घरीच असते, गुडघे गेलेत तिचे. ऐकत राहिली. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे, नोकरी हाय. पोटाचा प्रश्न हाय. मला तेच ऐकायचं होतं.

आई म्हणाली, "तुज्या त्या सरानं तरी खोटं सांगितलं न्हवतं."

मी जेवले नाही. आईनंही वाढलं नाही.

सर भित्रे होते. मला उतरवलं आणि गप्प बसले. त्यांनी मला कारण दिलं नाही. मी मात्र कारण दिलं. काजलच्या अंगावर ढकललं मी ते. तिच्या सव्वीस किलोंवर. ज्या बाईंनी रुमाल काढला त्यांचा राग मी इतकी वर्षं जपला होता. आणि इथं रुमाल लागलाच नाही. माझ्यासारखी एक बाई ठेवली की काम भागतं. ती आपल्यातल्याच पोरीला गोड बोलून खाली उतरवते.

वर्ष गेलं. यंदा परत मनोरा. काजल आठवीत. उंच झाली थोडी, पण काट्यावर अजून सगळ्यात हलकी. मी दहाजणींची वजनं कागदावर लिहिली आणि तो कागद मैदानाच्या बाजूच्या फळ्यावर लावला. खाली एक ओळ लिहिली: सर्वांत कमी वजनाची मुलगी वर. सगळ्यांनी वाचावं म्हणून मोठ्या अक्षरात.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शेवटची तालीम. मुख्याध्यापक व्हरांड्यात आले. बरोबर दोन पालक.

"मॅडम, वरची मुलगी बदला."

"का, सर?"

"आपलं बोलणं झालंय मागच्या वर्षी."

"परत सांगा. पोरींसमोर सांगा."

पलीकडं लेझीम चालली होती, ती थांबली. एक पालक म्हणाले, "मॅडम, उगाच विषय वाढवू नका." दुसरे मोबाइलमध्ये बघायला लागले.

मुख्याध्यापक अजूनही हळूच बोलत होते. "पालकांची इच्छा आहे. संस्थेची शिस्त आहे. तुमची ऑर्डर जूनपर्यंतच आहे, हेही लक्षात ठेवा."

मी त्यांच्याकडं पाठ केली आणि पोरींकडं वळले.

"काजल, गेल्या वर्षी मी तुला खोटं सांगितलं. वजनाचं कारण नव्हतं. तुझ्या जातीचं कारण होतं. मला तसं सांगितलं गेलं आणि मी ऐकलं. चूक माझी आहे. तुझी काही चूक नव्हती."

आवाज मोठा आला माझा. कबड्डीचा आवाज. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला असणार.

काजल खाली बघत होती. मग म्हणाली, "मला माहीत हुतं, मॅडम. काट्यावर मीच उभी हुते की."

तेरा वर्षांची पोरगी. वर्षभर माझ्या तासाला येत होती. 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणत होती. सगळं माहीत असून.

"मनोरा बदलणार न्हाय," मी मुख्याध्यापकांना म्हणाले. चिडले की माझ्या तोंडात आईची भाषा येते. येऊ दे.

त्या दोन पालकांनी आपल्या मुली तिथल्या तिथं ओढून नेल्या. संध्याकाळपर्यंत आणखी एकीच्या घरून फोन आला. दहातल्या सात उरल्या. दुसऱ्या दिवशी आमचं नाव कार्यक्रमातनं कापलं. भाषणं झाली, लेझीम झाली, बिस्किटं वाटायला सुरुवात झाली. मी सातजणींना घेऊन मैदानाच्या मध्ये गेले. गाणं नाही, माइक नाही. खाली चार, वर दोन, त्यावर काजल. मी शिट्टी वाजवली. ती उभी राहिली, हात पसरून. हसली नाही. मीही हसायला सांगितलं नाही.

काही पोरांनी टाळ्या वाजवल्या, मग एका शिक्षकांनी डोळे वटारल्यावर थांबवल्या. काजलची आई मागं उभी होती. यंदा तिनं हात जोडले नाहीत. मुलीला घेऊन गेली. माझ्याशी बोलली नाही. कदाचित आता पोरीचं शाळेत काय होईल, ही काळजी असेल. कदाचित गेल्या वर्षीचे ते आभार तिला परत हवे असतील. दोन्हींवर तिचा हक्क आहे.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. विद्यार्थ्यांमध्ये जातीय तेढ निर्माण केली, असं लिहिलंय. लेखी खुलासा द्या आणि शाळा समितीपुढं हजर राहा. मुख्याध्यापकांनी जाता जाता सांगितलं, दोन ओळींची माफी लिहून द्या, मी मिटवतो. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची आता रिकामी असते. एका मॅडमनी पाणी भरताना हळूच म्हटलं, "बरं केलंत." आणि दरवाज्याकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

माफी मी लिहिलेली नाही. लिहिणार नाही.

सोमवारी समिती बसणार आहे. विचारतील, मैदानात जात कुणी आणली. मी सांगणार आहे, ती तिथं होतीच, कुजबुजत होती, मी फक्त मोठ्यानं बोलले. नोकरी जाईल. जाऊ दे. ही शाळा नाही तर दुसरी. तिथंही वजनकाटा असेल, तिथंही पालक असतील, आणि तिथंही मी बोलणार आहे. ते म्हणतील, आरोप करता तर नावं सांगा. सांगणार आहे. त्या पालकांची, मुख्याध्यापकांचं, तारखेसकट, शब्दासकट.

आणि पहिलं नाव माझं सांगणार आहे.