आप्पांचं पांढरं पान

आप्पा कुठलंही पान आधी उन्हात नेऊन वाचायचे. टिळकवाडीतल्या आमच्या छोट्या कंपनीत सगळे मोठ्या पडद्यांवर काम करत. आप्पा मात्र तडा गेलेला जुना मोबाईल घेऊन गच्चीवर जात. आमचं सॉफ्टवेअर फौंड्रीतल्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातल्या, भट्ट्या चालवायचं आणि ते कसं वापरायचं हे सांगणारी वेबसाइट आप्पा सांभाळत. मी त्यांच्या हाताखाली नवी होते.

साइटची थीम, म्हणजे तिचं रंगरूप, निवडताना त्यांनी सगळ्यांत साधी घेतली. पांढरं पान, काळी अक्षरं आणि माथ्यावर धोक्याची सूचना लाल चौकटीत. लाल दुसरीकडे कुठेच नाही, साध्या बटणालाही नाही. "हे पान कोण निवांत बसून वाचत न्हाय गं," ते म्हणायचे, "भट्टी बिघडली की उघडतंय. वाचणारा भ्यालेला असतोय."

यंत्रांचं प्रदर्शन तोंडावर आलं आणि मालकांना आमची साइट सरकारी नोटिशीसारखी वाटू लागली. त्यांनी काळी, चकचकीत थीम आणवली. करडी अक्षरं, सरकणारी चित्रं, आणि धोक्याच्या सूचना 'अधिक माहिती'च्या बटणाखाली मिटलेल्या. आप्पा ते पान मोबाईलवर घेऊन गच्चीवर जाऊन आले. मग म्हणाले, "साहेब, ह्यानं माणूस भाजंल."

मालक हसले. "रंगानं कोण भाजतंय व्हय, आप्पा?"

नवी थीम साइटवर लागली. त्यानंतर फोन वाजला की आप्पा दचकायचे. डबा अर्धा तसाच घरी न्यायचे.

तो फोन भर दुपारी आला, निपाणीकडच्या एका फौंड्रीतून. भट्टी गार ठेवणारं पाणी थांबलं होतं. तिथल्या कामगारानं मोबाईलवर आमच्या पानावरचं 'नळी तपासा' एवढंच वाचलं आणि तो भट्टीकडे गेला. 'आधी वीज तोडा, जवळ जाऊ नका' हे मिटलेल्या भागात राहिलं. फोनवर त्याचा सोबती होता. आप्पा कन्नडमधून जिवाच्या आकांतानं ओरडत होते, त्याला मागं बोलवा, मागं! पलीकडे मोठा आवाज झाला. फोन चालूच होता, पण कुणी बोलेना.

जुनी थीम त्याच संध्याकाळी परत आली. आप्पा मात्र दुसऱ्या दिवशी आले नाहीत, नंतरही नाहीत. शेवटी मालकांनी मला खानापूरला, त्यांच्या घरी पाठवलं.

"मालकांनी बोलावलंय, आप्पा."

ते जणू त्यांनी ऐकलंच नाही. "तो माणूस?"

"जगला. पण उजव्या हाताची मूठ मिटत नाही."

आप्पा उंबऱ्यावर बसले. त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, आणलेला चहा शेजारी निवत राहिला. मी निघाले तेव्हाही ते स्वतःचा उजवा हात उघडून मिटत होते, पुन्हा उघडून मिटत होते.