आईकडून काय आलं

नसरापूरहून वेल्ह्याला जाताना एसटीत शेजारी एक बाई बसल्या होत्या. खिडकीशी त्यांची म्हातारी आई. आईला अल्झायमर असल्याचं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. बाई शेंगा सोलून दाणे तिच्या हातावर ठेवत होत्या.

"आपल्यालाही होईल, अशी भीती नाही वाटत?" मी न राहवून विचारलं.

"वाटायची. मग डॉक्टरांनी समजावलं. आईचं एखादं जनुक माज्यात आलंबी असंल, पण जनुकं एकटी वागत न्हाईत. एक धोका वाढवतं, तर दुसरं त्याला आवरतं. वडलांचं डोकं शेवटपर्यंत लई तल्लख हुतं. त्यांचंबी काई आलं असंलच की." त्या मनापासून हसल्या.

तेवढ्यात आईनं त्यांचा हात धरला. "लई मायाळू हायस. कुणाची गं तू?"

"तुजीच लेक."

म्हातारी खुशीत म्हणाली, "मग वळण चांगलं लावलंय म्या."