नव्याण्णव नंबर आणि सासूबाईंचा पाळणा

तंजावुरात आमच्या घरी बारशाला म्हणतात तो पाळणा अकरा कडव्यांचा. तो अख्खा पाठ एकट्या सासूबाईंना, आणि त्यांचा आवाज दर वर्षी खोल चाललेला. मी नुकती निवृत्त झाले होते. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून कम्प्युटर चालवणारी लिनक्स प्रणाली घालून घेतली होती. शिकवायला कोणी नव्हतं, चुकत चुकत शिकले. म्हटलं, पाळणा कम्प्युटरवर उतरवून ठेवू.

दोनदा त्यांना माइकसमोर बसवलं. दोन्ही वेळा पाच-सहा कडव्यांवर पडदा थिजला. माउस हलेना, कीबोर्ड ऐकेना. शेवटी बटण दाबून बंद केलं, तर गायलेलंही गेलं.

"अगो, पाळणा ऐकून तुझी पेटीच झोपली," सासूबाई म्हणाल्या. "आता अजून एकदाच म्हणेन हं. दम नाही उरला."

मग इंटरनेट सेंटरवर जाऊन लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर विचारलं. एका अनोळखी माणसानं उलट विचारलं, रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला अग्रक्रमाचा नंबर किती दिलाय? मी लिहिलं, नव्याण्णव, सगळ्यात वरचा. आता तुम्हीच सांगा, पंगतीत सासूबाईंचं पान पहिलं मांडायची सवय. त्यांच्या गाण्याला खालचा नंबर कसा देणार मी? तो म्हणाला, तिथेच चुकलं. प्रोग्राम अडकला की प्रोसेसर सोडत नाही, आणि त्याच्या वर कोणीच नसलं की कीबोर्डचीही पाळी येत नाही. त्याला सत्तर द्या, आणि आज्ञा टाइप करायची एक काळी खिडकी ऐंशीवर उघडी ठेवा.

सकाळी सासूबाईंना सांगूनच टाकलं, "आज तुमचं पान दुसरं."

"पहिलं कोणाचं?"

"वाढणारीचं."

"ती आधी जेवायला बसली तर वाढणार कोण?"

"बसत नाही ती. नुसती उभी असते. काही अडलं तरच हात घालते."

"सरी," मान डोलावून त्या म्हणाल्या, आणि गायला लागल्या.

आठव्या कडव्याला पडदा पुन्हा थिजला. काळ्या खिडकीत प्रोग्राम बंद करायची आज्ञा टाइप केली, तर अक्षरं उमटली. प्रोग्राम गेला, माउस हलला, आणि सात कडवी जागच्या जागी होती. खुर्चीत मागे टेकले तेव्हा कळलं, इतका वेळ मी पाठ ताठ धरून बसले होते.

सासूबाईंनी दोन घोट कापी घेतली, तोवर मी प्रोग्राम पुन्हा चालू केला, आणि त्यांनी उरलेली चार कडवी म्हटली. मग सगळा पाळणा डोळे मिटून ऐकला.

"नवव्यात मी धापा टाकतेय," त्या म्हणाल्या. "असो. आता मी विसरले तरी चालेल. कापी निवली बघ, दुसरी आण."