ओल्या कोटातली बाई

"ही बाई कोण आहे? माझ्या स्पेसशिपमध्ये ही बाई काय करतेय?"

ग्रॅहम असा ओरडला की आमच्या एडिट रूमचं साउंडप्रूफिंग त्याच दिवशी बाद झालं. तिकडे ईलिंग रोडवरच्या देशी दुकानांत भेंडी निवडणाऱ्या बायकांनी म्हणे माना वर केल्या. ग्रॅहम आमचा प्रोड्यूसर, मी एडिटर. शूटिंगचे तुकडे जोडून त्यांचा एपिसोड करायचा, हे माझं काम. समोरच्या मॉनिटरवर त्याने फ्रेम थांबवली होती. आमच्या यानाचा लांबलचक कॉरिडॉर. पुढे धावणारी कॅप्टन. आणि पार मागे, टोकाला, राखाडी रेनकोट घातलेली एक बाई. हातात भाजीची पिशवी. कोट ओलाचिंब.

अंतराळात पाऊस पडत नाही, एवढं विज्ञान आमच्या मालिकेलाही ठाऊक होतं.

"एक्स्ट्रा असेल," मी म्हणालो.

"एक्स्ट्राला आपण निळा युनिफॉर्म देतो. आणि ही एकाच एपिसोडमध्ये नाहीये. सगळ्यांत आहे! मी वीकेंडला सगळे सलग बघितले."

इथे मला खरा धक्का बसला. बाईचा नव्हे, 'सलग बघितले' याचा. आमच्यात असं कोणी करत नसे.

त्याचं कारण सांगतो. दोन हजारच्या दशकात ब्रिटिश टीव्हीवर सायन्स फिक्शनवाल्यांचे दोन पंथ होते. एक स्टँडअलोनवाला: दर आठवड्याला नवा ग्रह, नवं संकट आणि शेवटी सगळं जसंच्या तसं. आमच्या कॅप्टनचा हात एका एपिसोडमध्ये कोपरापासून वितळला होता; पुढच्या आठवड्यात ती त्याच हाताने चहा पीत होती. दुसरा पंथ सीरियलवाला: एकच गोष्ट, भागाभागाने पुढे सरकणारी. आपल्याकडे एक साखरपुडा सहा महिने चालतो ना, तसंच, फक्त लेझर गन घेऊन. आम्ही कट्टर पहिल्या पंथातले. त्यामुळे एपिसोड एकेकटाच तपासायचा, ओके करायचा आणि विसरायचा. दोन एपिसोड शेजारी ठेवून बघायची सवय आमच्या अख्ख्या युनिटमध्ये कोणाला नव्हती.

"हा नीलचा उद्योग," ग्रॅहम दात खात म्हणाला. "त्याने माझ्या शोमध्ये गुपचूप सीरियल घुसवलंय."

नील आमचा लेखक. पंथ दुसरा. डीव्हीडी बॉक्स सेट आलेत, लोक आता रात्रभर बसून बघतात, आपणही मोठी गोष्ट सांगू या, असं तो लिफ्टमध्येसुद्धा सांगायचा. त्याला बोलावलं. त्याने ती फ्रेम बघितली, मग पुढच्या दोन-तीन एपिसोडमधल्याही. आधी हसला, मग खुर्ची ओढून बसला.

"मी केलं असतं तर टायटलमध्ये नाव मोठं करून घेतलं असतं," तो म्हणाला. "पण फार चांगलंय. ती जवळ येतेय, बघितलंत का?"

आम्ही नव्हतं बघितलं. मी प्रत्येक एपिसोडमधला कॉरिडॉरचा शॉट काढला आणि टेलिकास्टच्या क्रमाने जोडला. पहिल्या एपिसोडमध्ये बाई टोकाला. दुसऱ्यात पहिल्या दिव्याखाली. मग पाइपांपाशी. मग लाल दरवाजापाशी. दर वेळी तीच पिशवी, आणि कोटाच्या कडेवरून टपकणारं तेच पाणी. ती धावत नव्हती. बसस्टॉपवरून घरी चालत जावं, तशी येत होती.

आता या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे माझ्या अंगावर काटा का आला ते कळेल. एपिसोड ज्या क्रमाने दिसतात, त्या क्रमाने शूट होत नाहीत. पाहुणा नट कधी मोकळा आहे, बर्फाचा सेट कधी सुकतो, यावर शूटिंग ठरतं. शूटिंगच्या क्रमाने लावलं तर बाई बेडकासारखी पुढेमागे उड्या मारत होती. चालत होती ती फक्त टेलिकास्टच्या क्रमात. आणि तो क्रम चॅनेलने ठरवला होता आदल्या आठवड्यात, शूटिंग संपून सेट झाकून ठेवल्यावर.

नीलने हसणं थांबवलं. ग्रॅहमने ओरडणं थांबवलं. ते जास्त वाईट होतं.

सेटवरच्या सगळ्यांना विचारलं. कॅमेरामनने तिला व्ह्यूफाइंडरमध्ये पाहिलं नव्हतं. कॅप्टनचं काम करणारी नटी म्हणाली, त्या कॉरिडॉरमध्ये तिचे बूट नेहमी ओले व्हायचे. तिला वाटलं, छत गळतंय.

आता माझं सांगतो. माझा वर्क परमिट या कंपनीच्या नावावर होता. चॅनेलने दुसरी सीरिज, म्हणजे याच शोचे पुढच्या वर्षीचे एपिसोड, दिले तर कंपनी राहणार, कंपनी राहिली तर मी राहणार. नाहीतर हॅरोमधला फ्लॅट, बायकोची नुकतीच लागलेली शाळेतली नोकरी, सगळं गुंडाळून पुण्याला परत. आणि दुसऱ्या सीरिजचा निर्णय फियोनाच्या हातात होता. फियोना चॅनेलची. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच, पण तिच्यासमोर माझं इंग्रजीसुद्धा आपोआप 'तुम्ही' व्हायचं. तिची अट एकच होती: मागचा एपिसोड चुकलेल्या माणसाला या आठवड्यात काहीही चुकल्यासारखं वाटता कामा नये. सीरियलचा वास आला की शो बंद.

ती दुपारी आली. कोट न काढता सगळं बघितलं.

"एपिसोड स्टँडअलोन आहेत ना?" ती म्हणाली. "मग पत्त्यांसारखे पिसा. क्रम मोडला की गोष्ट मोडली."

तिने तिथेच उभ्या उभ्या नवा क्रम सांगितला. रोबॉटवाला, जो दुसरा होता, तो शेवटी. बर्फाचा पहिला. मनाला येईल तसं. मी शॉट पुन्हा जोडले आणि प्ले दाबलं.

मी वाढवून सांगतो असं माझ्या बायकोचं मत आहे. इथे मात्र मी कमीच करून सांगतोय. टेप त्याच होत्या, शॉट तेच होते. बर्फाच्या एपिसोडमध्ये सकाळी लाल दरवाजापाशी असलेली बाई आता कॉरिडॉरच्या टोकाला होती. मग दिव्याखाली. मग पाइपांपाशी. आणि रोबॉटवाल्यात, जिथे ती सकाळी लांब दिव्याखाली उभी होती, तिथे तिची ओली बाही कॅमेऱ्याला टेकली होती. पिशवी तिने दुसऱ्या हातात घेतली होती. मोकळा हात वर होता. दार वाजवायला उचलतात ना, तसा.

"पुन्हा पिसू का?" मी विचारलं. आवाज माझा असावा.

"नको," फियोना म्हणाली. तिने कोटाची बटणं लावली, जी आधीच लावलेली होती. "शेवटच्या एपिसोडमधून तिला पुसा. बाकीचे राहू देत. एकेका एपिसोडमध्ये मागे एक बाई उभी आहे, त्याचं कोणाला काय? शेवट असला तरच सीरियल होतं. शेवट काढून टाका."

मानलं बाईला. मी आयुष्यात अनेक चॅनेलवाले पाहिले, पण भुताला दुरुस्त्या सांगणारी ही एकटीच.

पुसणं म्हणजे काय, तर एकेक फ्रेम घ्यायची आणि शेजारच्या भिंतीचा तुकडा उचलून माणसावर चिकटवायचा. बूट पुसले, पिशवी पुसली, बटणं पुसली. वर उचललेला हात सर्वांत शेवटी पुसला, कारण प्रत्येक फ्रेममध्ये तो मला आधीपेक्षा किंचित जवळ वाटत होता. चेहऱ्याबद्दल विचारू नका. मी तो डोळे बारीक करून पुसला.

काम झाल्यावर ग्रॅहमने बघितलं. कॉरिडॉर रिकामा. फक्त फरशीवर ओल्या पावलांचे ठसे राहिले होते, सरळ लेन्सपर्यंत आलेले.

"हे पण काढू?"

"राहू दे," तो म्हणाला. "गळतंय असं वाटेल."

सीरिज लागली. प्रेक्षकांचं एकही पत्र आलं नाही. फियोना खूश झाली, दुसरी सीरिज मिळाली, माझा परमिट वाढला. नील रुसून दुसऱ्या कंपनीत गेला. या सगळ्यातून मी एवढंच शिकलो: आपण गोष्टीचे कितीही तुकडे करून विकले, तरी घरी बसलेला माणूस ते कोणाला न विचारता जोडत असतो.

कारण बायकोला मी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. दर शनिवारी संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसून, कपड्यांच्या घड्या घालत, एका डोळ्याने आमचा शो बघायची. शेवटचा एपिसोड संपला. नावं वर सरकत होती.

"आज ती बाई नाही दिसली," ती म्हणाली.

"कोण बाई?"

"अरे, मागून यायची ती. ओल्या कोटातली."

मी रिमोटने आवाज कमी केला. "गेली असेल कुठेतरी."

तिने मोज्यांची एक जोडी जुळवली आणि ती पुढच्या मोज्याचा जोडीदार शोधायला लागली.

"जाईल कुठे? पोचली असेल."