नेऊन परत आणणारे नाना

नाना गुरवांची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली. गौरवग्रंथात असे लिहू नये म्हणतात. पण नानांच्या पंचाहत्तरीला मी गोडगोड खोटे लिहिले, तर सगळ्यांआधी तेच हसतील.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षे झाली असतील. मी अलिबागला मुलींच्या शाळेत शिकवत होते. धाकटी बहीण कमल किहीमजवळ, नारळी-पोफळीची वाडी असलेल्या घरात दिलेली. दुसरे बाळंतपण झाले आणि कमल बोलेनाशी झाली. बाळाला जवळ घेईना, जेवेना, दिवसभर विहिरीकडे पाहत बसे. कोणी म्हणे बाहेरची बाधा, कोणी म्हणे माहेरचा दोष. माहेर म्हणजे मीच! खाडीपलीकडचा एक भगत तिला छडीने झोडायला येणार असे कानावर आले, तशी मी शाळा सोडून तडक निघाले. मुंबईला मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात, एवढे मला एका सहकारी बाईंकडून कळले होते. तिकडे न्यायचे म्हटले, तर कमलच्या सासूबाईंचा एकच धोशा, "आयेचा कौल घेतल्याबिगर सून गावाभायेर जानार न्हाय."

कौल म्हणजे ग्रामदेवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कौल लावण्याचा मान नानांचा. कमलला घेऊन सासूबाई आणि मी देवळात गेलो. पाऊल टाकताच मी त्यांच्यावर तुटून पडले. "बहीण माझी हातची चाललीय आणि तुम्ही पाकळ्या कसल्या लावताय?" नानांनी शांतपणे तांब्या पुढे केला. "बाई, भांडून झालं आसंल तर पानी घ्या. मंग इचारू." मी धुसफुसत प्यायले. घसा खरोखरच कोरडा पडला होता.

कौल लावला. डावी पाकळी पडली. सासूबाईंनी हात जोडले. आता छडीच, दुसरे काय! पण नाना मूर्तीपासून वळले ते थेट कमलपुढे उकिडवे बसले. "आयेनं नको म्हटलं. का नको म्हटलं आसंल? तुला कसलं भ्या वाटतं गो बाय?"

इतके दिवस आम्ही सगळे कमलविषयी तावातावाने बोलत होतो. खुद्द कमलला कोणी विचारलेच नव्हते. तिचे ओठ हलले. "मला तिथं टाकून येतील. बाळ परत दिसायचं नाही."

नाना उठले, नव्या पाकळ्या लावल्या आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाले, "आये, हिला नेनार मी नि परत आननार पन मीच. पोराच्या पुढ्यात आनून सोडीन. आता सांग." उजवी पाकळी पडली. ओली पाकळी चिकटते आणि सुकली की पडते, हे मी वर्गात शिकवू शकते. तरी मी तेव्हा देवीपुढे डोके टेकले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

रेवसहून मुंबईला जाणाऱ्या लाँचमध्ये नानांना अशी मळमळ सुटली की कमलच त्यांना पदराने वारा घालू लागली. इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, "तुम्ही पेशंटचे कोण?"

"कोन न्हाय. हिला परत न्यायला आलोय."

"अहो, आधी दाखल तर होऊ द्या!"

"व्हऊ द्या की. मी हितंच हाय."

आणि ते खरोखरच राहिले. पूजा भावाकडे सोपवलेली, मुक्काम गिरगावात एका गाववाल्याच्या खोलीत, आणि भेटीच्या वेळेला रोज व्हरांड्यात हजर. कमल मला पुढे म्हणाली, "ताई, औषधानं झोप यायला लागली, पण धीर आला तो बाहेर नानांची टोपी दिसायची म्हणून." पावसाळ्यात लाँच बंद होण्याआधी नानांनी तिला घरी आणले. बाळाला तिच्या मांडीवर ठेवले आणि मगच स्वतःच्या घरी गेले.

त्यानंतर लोक नानांकडे विचारायला येऊ लागले. झोप उडालेली म्हातारी, वादळातून वाचल्यावर होडीत पाय ठेवायला भिणारा कोळी, नवऱ्याने टाकलेली बाई. नाना ऐकून घेत, अंगारा लावत आणि कोणते डॉक्टर कुठे भेटतील तेही सांगत. "आंगारा लाव नि गोळी पन गीळ. आये काय रागावनार न्हाय." घाबरलेल्याच्या सोबत स्वतः जात. त्या भगताला तर त्यांनी देवळातच सुनावले होते, "मारून शानपन येत आसतं, तर या बाईंच्या शाळंत येक पोर येडं ऱ्हायलं नसतं!" मी डोळे वटारले, तसे मिशीत हसले. आम्ही भांडत आलो ते आजतागायत.

गेल्या वर्षी नानी गेल्या. पन्नासएक वर्षांचा संसार. तेव्हापासून नाना देवळाच्या पायरीवर गप्प बसून असतात, जेवणावरची वासना उडाली आहे. आम्हा सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. हा लेख लिहिण्याआधी मी कमलला घेऊन त्यांच्या घरी गेले. हल्ली मुंबईचे एक डॉक्टर अधूनमधून अलिबागला येतात, त्यांना दाखवू म्हटले, तर नाना म्हणाले, "मला काय झालंय? आता येकदा आयेनं न्यावं, बस्स." 

कमल त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "नाना, तुम्हाला कसलं भ्या वाटतं?"

नानांनी विझलेल्या चुलीकडे पाहिले. मग म्हणाले, "घरी परत येऊन करू काय? घरात कोन हाय?"

"मी असेन. परत आल्यावर चूल पेटवीन, वाढीन. न्यायचं मी, परत आणायचं पण मीच." हे म्हणताना तिने कौल काही लावला नाही; खुंटीवरची टोपी काढून त्यांच्या हातात दिली. नाना टोपीकडे पाहत राहिले, मग ती त्यांनी डोक्यावर चढवली. डॉक्टर आले त्या दिवशी तीच घालून ते कमलसोबत गेले.

नाना, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असे आम्ही सारे आईपुढे मागतो. तिने उजवी दिली तर उत्तमच. डावी दिली, तर तुम्हीच शिकवल्याप्रमाणे पुन्हा विचारू. औषध घेत राहा, दोन घास जेवत जा, माझ्याशी भांडत राहा. आणि डॉक्टरांकडून परत यायला उशीर करू नका. कमलला तुमच्यासोबत परत येऊन चूल पेटवायची असते.